वाचकांचे प्रश्न : सूड माणसाचा, काम जागेचं

मागच्या अंकात अमेरिकन लेखक एडगर अ‍ॅलन पोच्या ‘द कास्क ऑफ अमाँटियाडो’ या कथेवर छोटं टिपण छापलं होतं आणि खाली लिहिलं होतं की प्रश्न असतील तर पाठवा. भरपूर आले. त्यातले सूड आणि कथेतली जागा या दोन गोष्टींवरचे इथं घेतलेत, बाकीचे पुढं बघू.

ज्यांच्या हाती मागचा अंक पडला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. इटलीतलं एक शहर आहे, नाव दिलेलं नाही. माँट्रेसॉर नावाचा खानदानी माणूस आपल्याला सांगतोय की फॉर्च्युनाटोनं मला हजार वेळा दुखावलं ते मी सहन केलं, पण अपमान केला तेव्हा सूड घ्यायचं ठरवलं. कार्निव्हलच्या दिवसात तो फॉर्च्युनाटोला रस्त्यात गाठतो, अमाँटियाडो म्हणून एका भारी शेरीचा पिंप घेतलाय, खरी आहे का खोटी कळंना म्हणतो, आणि फॉर्च्युनाटोला स्वतःच्या दारूच्या पारखेचा लई अभिमान, त्यामुळं तो स्वतःहून मागं लागतो. घराखालच्या तळघरात, जिथं या घराण्याचे मुडदे पुरलेत तिथं, त्याला शेवटच्या टोकापर्यंत नेऊन भिंतीला साखळीनं बांधतो आणि समोर दगडाची भिंत रचून जिवंत गाडतो. ही गोष्ट तो पन्नास वर्षांनी सांगतोय. कथा १८४६ च्या नोव्हेंबरमध्ये ‘गोडीज लेडीज बुक’ या अमेरिकन मासिकात आली.

प्रश्न : सर, मी बीएला इंग्लिश घेतलंय. गाईडमध्ये लिहिलंय की तळघर, अंधार, हाडं यामुळं कथेत भीतीचं वातावरण तयार होतं. मोठ्या प्रश्नाला एवढंच फुगवून लिहायचं का? — एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : एवढंच लिहिलंस तरी पास होशील गं, पण कथा हातातून जाईल. वातावरण हा शब्द लिहिला की विषय संपल्यासारखं वाटतं आणि मग जागा काय करायलीय ते कुणी बघतच नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की या कथेत सूड माँट्रेसॉर घेतो हे खरं, पण त्यातलं निम्म्याहून जास्त काम जागा करते, आणि हे पोनं ओळीओळीत दाखवलंय. तू पुस्तक उघडून सोबत बघत जा.

पहिलं, दिवस कुठला निवडला. कार्निव्हल, म्हणजे ख्रिश्चन लोकांचे उपासाचे चाळीस दिवस सुरू व्हायच्या आधीचा दंगा, मुखवटे, दारू, सोंगं. आपल्याकडं शिमग्याच्या रात्री कुणी बोंब मारली तर कुणी दार उघडून बघत नाही, तसंच. त्या गर्दीत फॉर्च्युनाटो विदूषकाच्या पट्ट्यापट्ट्याच्या कपड्यात, डोक्यावर घुंगरांची टोकदार टोपी, आणि आधीच टाइट झालेला. माँट्रेसॉर तोंडावर काळा रेशमी मुखवटा चढवतो, अंगावर लांब झगा घेतो. एरवी कुणी असं तोंड झाकून मित्राला घरी घेऊन गेला असता तर गल्लीनं बघितलं असतं. त्या दिवशी तोंड झाकलेला माणूस म्हणजे चारचौघातला माणूस.

दुसरं, घर रिकामं कसं केलं. नोकरांना तो सांगून गेला की मी सकाळपर्यंत येणार नाही आणि तुम्ही घर सोडून हलायचं नाही. त्याला पक्कं माहीत होतं की असं सांगितलं की हा पाठमोरा झाला रे झाला, सगळे कार्निव्हलला पळणार. बाहेरच्या दंग्यानंच घरातले साक्षीदार ओढून नेले, त्याला एकालाही सुट्टी द्यावी लागली नाही, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर उलट मी तर थांबा म्हणलं होतं असं सांगता येतं.

तिसरं मला सगळ्यात भारी वाटतं, ती ओल. तळघराच्या भिंतीला लोणा लागलाय, पांढरा, जाळ्यासारखा, आणि फॉर्च्युनाटोला आधीच सर्दी झालेली, तिथं त्याला खोकल्याची उबळ येते, बराच वेळ थांबतच नाही. आता माँट्रेसॉर काय करतो बघ, चल परत जाऊ म्हणतो. तुझी तब्येत मोलाची आहे, तू श्रीमंत आहेस, लोक तुला मान देतात, तू आजारी पडशील, मला ती जबाबदारी नको. हे तो एकदा नाही, पुन्हा पुन्हा म्हणतो. आणि दर वेळी फॉर्च्युनाटोच म्हणतो, छे, चल पुढं, मी काय खोकल्यानं मरत नाही. त्यावर माँट्रेसॉर म्हणतो, खरंय, खरंय. म्हणजे त्या ओलीमुळं माँट्रेसॉरला काळजीवाहू मित्र होता आलं आणि मरणाकडं जायचा निर्णय मरणाऱ्याच्याच तोंडून वदवून घेता आला. ओढत न्यावं लागलं नाही. कोरडं तळघर असतं तर हा सगळा संवाद झालाच नसता. आणि त्याच खोकल्याचा उपाय म्हणून दारू पाजायला कारण मिळतं, आधी मेडॉक, मग डी ग्राव्ह, त्यानं तो आणखी झिंगतो.

चौथं, हाडं. गाईड म्हणतं हाडं भीतीसाठी. अगं, त्या हाडांच्या ढिगाखाली बांधकामाचा दगड आणि मसाला लपवून ठेवलेला आहे! वेळ आल्यावर तो हाडं बाजूला सारतो आणि खालून सामान काढतो. तिथं आधी येऊन, वजनं वाहून, सगळी तयारी करून गेलाय तो, हे आपल्याला त्या एका वाक्यात कळतं आणि तेव्हा अंगावर काटा येतो. भिंत झाल्यावर तीच हाडं पुन्हा नव्या भिंतीसमोर रचतो, त्यामुळं नवं बांधकाम दिसतच नाही.

आणि पाचवं, हे मात्र नक्की लिही. भिंत अर्धीअधिक झाल्यावर फॉर्च्युनाटो आतून किंकाळ्या मारायला लागतो आणि क्षणभर माँट्रेसॉर घाबरतो, थरथरतो, तलवार काढून अंधारात चाचपतो. मग शांत कशानं होतो? तळघराच्या घट्ट भिंतीवर हात ठेवून. भिंत जाड आहे, आवाज वर जाणार नाही, हे हाताला कळतं आणि त्याचं समाधान होतं. मग तो उलट फॉर्च्युनाटोपेक्षा मोठ्यानं ओरडून दाखवतो. या माणसाला धीर देणारं त्या रात्री दुसरं कुणी नाही, फक्त जागा आहे. पूर्ण उत्तर या एका प्रसंगावर उभं करता येतं.

जमलं तर एक संदर्भ टाक. त्याच वर्षी, १८४६ लाच, पोनं ‘द फिलॉसॉफी ऑफ कॉम्पोझिशन’ नावाचा निबंध लिहिला होता, त्यात तो म्हणतो की एखादी सुटी घटना परिणामकारक करायची असेल तर जागा आवळून बंदिस्त करावी लागते, चित्राला चौकट असते तशी. निबंधात तो स्वतःच्या एका कवितेबद्दल बोलतोय. पण या कथेत जागा कशी आवळत जाते ते बघ, आधी अख्खं शहर, मग एक घर, मग जिना, मग तळघर, मग त्याच्या आतली आणखी एक खोली, आणि शेवटी चार फूट खोल, तीन फूट रुंद, सहा-सात फूट उंच असा एक कोनाडा.

प्रश्न : कथेत माँट्रेसॉर म्हणतो की आपण आता नदीच्या पात्राखाली आहोत, पाण्याचे थेंब हाडांवरून ओघळायलेत. नदीखाली असं बांधकाम शक्य आहे का, का लेखकानं आपलं ठोकून दिलंय? — एक वाचक, नळदुर्ग

उत्तर : नळदुर्गच्या माणसानं हे विचारावं म्हणजे कमाल आहे, कारण तुमच्या उशालाच आहे की. बोरी नदीवर बांध घालून त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल बांधला आदिलशाहीच्या काळात, आणि पावसाळ्यात नर-मादी धबधबे अंगावरून कोसळायलेले असताना माणूस आत कोरडा उभा राहतो. पाण्याच्या खाली, दगडाच्या आत, असं बांधकाम माणसानं पिढ्यान् पिढ्या केलेलं आहे. आणि तिथं कधी चार पावलं आत गेला असाल तर हेही माहीत असंल की बाहेरच्या माणसांचा आवाज एकदम कसा तुटतो.

कथेत ते वाक्य येतं त्याची जागा मात्र नीट बघा. तिथं पुन्हा एकदा तो परत जाऊ म्हणतोय, बघ लोणा वाढायलाय, शेवाळासारखा लोंबायलाय, आपण नदीखाली आलोय. वरवर ही काळजी आहे. पण वाचणाऱ्याला त्यातून कळतं की आता वर रस्ता नाही, घर नाही, माणूस नाही, वर पाणी आहे. फॉर्च्युनाटोला हे सगळं खरं खरं सांगितलं जातंय, तो फक्त ऐकत नाही. पूर्ण कथेत माँट्रेसॉर फॉर्च्युनाटोशी ठळक खोटं एकच बोलतो, त्या शेरीबद्दल. बाकी तो जवळपास सगळं खरंच बोलतो, आणि त्यामुळंच तो जास्त भयंकर वाटतो.

प्रश्न : फॉर्च्युनाटोनं नेमकं केलं तरी काय होतं? मी दोनदा वाचली कथा, सापडलं नाही. कारणच माहीत नसंल तर सूड बरोबर का चूक हे आपण ठरवायचं कसं? — एक वाचक भगिनी, परभणी

उत्तर : ताई, तुम्हाला सापडलं नाही कारण ते कथेत नाहीच. पोनं मुद्दाम ठेवलेलं नाही. हजार जखमा म्हणतो आणि एकही सांगत नाही, अपमान म्हणतो आणि तो कधी, कुठं, कुणापुढं झाला ते सांगत नाही. त्याच्या उलट तळघर मात्र इंचाइंचानं सांगतो, कोनाडा किती फुटाचा, भिंतीत लोखंडी कड्या किती अंतरावर, साखळी कुठल्या कडीला, कुलूप कुठल्या. ज्या माणसाला पन्नास वर्षांनी कडीचं अंतर आठवतंय त्याला अपमान आठवत नसंल का? मला वाटतं इथंच कथेचा जीव आहे. माँट्रेसॉरला कारण सांगायची गरज वाटत नाही, कारण एवढ्या वर्षांत त्याच्यापुरतं कारण मागं पडलंय आणि उरलीय ती जागा आणि तिथं केलेलं काम.

बरं, सूडाचे दोन नियम त्यानं स्वतःच सुरुवातीला घातलेत. एक, शिक्षा करायची आणि आपण मात्र सुटायचं, सूड घेणाऱ्यालाच शिक्षा झाली तर तो सूड नाही. दोन, ज्यानं अन्याय केला त्याला कळलं पाहिजे की हे मला कुणी केलं आणि सूड म्हणून केलं. पहिला नियम पाळला गेला, दुसऱ्याचं काय? फॉर्च्युनाटोला कुणी केलं ते कळतं, नावानं हाक मारतो तो. पण का केलं ते त्याला शेवटपर्यंत कुणी सांगत नाही. भिंतीमागून तो हसायचा प्रयत्न करतो, चांगली मस्करी होती म्हणतो, घरी गेल्यावर यावर खूप हसू म्हणतो, मग देवासाठी सोड म्हणतो, माँट्रेसॉर त्याचेच शब्द त्याला परत करतो. त्यानंतर आतून उत्तर येत नाही, हाका मारल्या तरी येत नाही, नुसते टोपीचे घुंगरू वाजतात. म्हणजे माँट्रेसॉरनं ज्या क्षणासाठी हा खटाटोप केला तो क्षण त्याला मिळाला का, हे त्यालाही नक्की सांगता येत नाही. माझ्या मते मिळाला नाही. जाणकार लोक दोन्ही बाजूंनी वाद घालतात, पण घुंगरू वाजल्यावर पुढच्याच वाक्यात तो म्हणतो की माझ्या काळजात कसंतरी झालं, आणि लगेच जोडतो की ते तळघरातल्या ओलीमुळं. तिथंही दोष जागेवर ढकलतो बघा.

तुम्ही बरोबर का चूक ठरवायचं म्हणता, तर कथेत माँट्रेसॉरच्या घराण्याच्या चिन्हाचं वर्णन येतं ते पुन्हा वाचा. निळ्या जमिनीवर सोन्याचा मोठा पाय, तो एका सापाला चिरडायलाय, आणि सापाचे दात त्या टाचेत रुतलेत. खाली लॅटिनमध्ये लिहिलंय की मला डिवचून कुणी शिक्षेविना सुटत नाही. माँट्रेसॉर स्वतःला पाय समजतो हे उघड आहे. पण साप चिरडला जात असताना त्याचे दात टाचेतच आहेत आणि ते निघत नाहीत. कोण पाय आणि कोण साप हे त्या चित्रात ठरत नाही.

प्रश्न : आपल्या महाभारतात सूडाच्या इतक्या कथा आहेत. त्यात जागेचं असं महत्त्व कुठं दिसतं का? आम्ही पारायणं, प्रवचनं ऐकत आलो, म्हणून विचारावं वाटलं. — एक सेवानिवृत्त शिक्षक, अंबाजोगाई

उत्तर : गुरुजी, दिसतं, आणि इतकं ठळक दिसतं की सौप्तिक पर्व यासाठीच पुन्हा वाचावं. दुर्योधन मांडी मोडून पडलाय, अश्वत्थामा, कृपाचार्य आणि कृतवर्मा रानात एका मोठ्या वडाखाली थांबलेत. दोघांना झोप लागते, अश्वत्थाम्याला लागत नाही. वडावर हजारो कावळे झोपलेत आणि अंधारात एक घुबड येतं, आवाज न करता, आणि झोपलेल्या कावळ्यांना मारत सुटतं. तिथं त्याच्या डोक्यात येतं की हेच करायचं. म्हणजे सूड मनात आधीपासून होता, बापाला, द्रोणाला, शस्त्र खाली ठेवलेलं असताना मारलं म्हणून, पण कसा घ्यायचा हे त्याला त्या जागेनं आणि त्या वेळेनं शिकवलं. कृपाचार्य समजावतात, झोपलेल्याला मारणं अधर्म आहे, सकाळ होऊ दे. तो ऐकत नाही, कारण सकाळ झाली की ती संधीच गेली.

पुढं छावणीत काय होतं बघा. तो एकटा आत शिरतो आणि ते दोघं दारात उभे राहतात, जो पळून बाहेर येईल त्याला तिथं कापतात, नंतर छावणीला आग लावतात. आत अंधार, लोक झोपेतून दचकून उठलेले, कोण आपला कोण परका कळत नाही आणि एकमेकांवरच वार करतात. धृष्टद्युम्नाला तो शस्त्रानं मारत नाही, लाथांनी मारतो, शस्त्रानं मार एवढी विनवणीसुद्धा ऐकत नाही. शिखंडी जातो, द्रौपदीची पाचही मुलं जातात. दार आणि रात्र ही दोन हत्यारं काढून घेतली तर हा संहार होऊच शकत नाही.

फरक मात्र मोठा आहे. व्यासांच्या कथेत कारण सगळ्यांना माहीत आहे, मारणाऱ्याला, मरणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला. त्यामुळं अश्वत्थाम्याचा राग आपल्याला कळतो आणि तरी त्याचं कृत्य पटत नाही, मन दोन्हीकडं ओढलं जातं. आणि तो सुटत नाही. सकाळ होते, द्रौपदी न्याय मागते, त्याच्या कपाळावरचा मणी काढून घेतात, कृष्ण शाप देतो की तीन हजार वर्षं एकटा, रोगानं सडत, रानोमाळ भटकशील. माँट्रेसॉरच्या गोष्टीत सकाळच होत नाही. तळघरात मध्यरात्र होते आणि कथा तिथनं सरळ पन्नास वर्षं पुढं उडी मारते. त्याला शाप द्यायला कुणी येत नाही, न्याय मागायला कुणी द्रौपदी नाही. फॉर्च्युनाटोची बायको घरी वाट बघत असंल एवढा एक उल्लेख येतो, तोही मरणाऱ्याच्याच तोंडून. पोनं न्याय करायचं काम पूर्ण वाचकावर टाकलंय आणि ते जड जातं. मला स्वतःला सौप्तिक पर्व मोठं वाटतं, कारण त्यात मेलेल्यांसाठी कुणीतरी रडतं.

प्रश्न : पोचं कुणाशी तरी भांडण होतं आणि त्या रागातून ही कथा लिहिली असं वाचलं. खरं का? — एक वाचक, जालना

उत्तर : भांडण खरं आहे. १८४६ मध्ये पोनं न्यूयॉर्कच्या लेखकांवर लेखमाला लिहिली, त्यात थॉमस डन इंग्लिश नावाच्या लेखकाची खिल्ली उडवली, त्यानं वर्तमानपत्रातून पोवर वाईट आरोप केले, पोनं पेपरवाल्यांवर अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १८४७ च्या फेब्रुवारीत जिंकला. कथा बरोबर मधल्या काळातली, आणि ती लेखमाला ज्या मासिकात आली त्याच मासिकात ही कथासुद्धा आली. पण त्यामुळं कथा उलगडते असं मला वाटत नाही. भांडणं कितीतरी लेखकांची होतात. दावा लावून पैसे मिळवणारा पो आणि कोर्टाचं नावही न घेणारा माँट्रेसॉर, यांच्यात मला फरकच जास्त दिसतो.

प्रश्न : माँट्रेसॉरला पश्चात्ताप झालाय का? आणि तो हे सांगतोय कुणाला? — एक वाचक, हिंगोली

उत्तर : कुणाला, याचं उत्तर पहिल्याच परिच्छेदात अर्धं आहे. तो म्हणतो, तुम्ही, ज्यांना माझ्या मनाचा स्वभाव इतका चांगला माहीत आहे. म्हणजे समोर कुणीतरी जवळचा आहे. काही जण म्हणतात की मरायला टेकलेला म्हातारा पाद्र्यापुढं कबुली देतोय, आणि हिशोबात ते बसतं, कृत्य करताना तो जाणता पुरुष असंल आणि वर पन्नास वर्षं झालीत. पण कबुली देणाऱ्याची भाषा अशी असते का, याबद्दल मला शंका आहे. कबुली देणारा माणूस माफी मागतो, चूक झाली म्हणतो. हा तर काम कसं नीट पार पडलं ते सांगतोय, एकेक थर सांगतोय, पहिला थर, मग दुसरा, तिसरा, चौथा, आणि मधे साखळीचा आवाज यायला लागल्यावर काम थांबवून हाडांवर बसतो आणि समाधानानं ऐकतो. अकराव्या थरापर्यंत सगळं आठवणीत आहे.

शेवटचं वाक्य लॅटिन आहे, शांतीनं विसावा घे अशा अर्थाचं, मेलेल्यासाठी म्हणतात ते. ते फॉर्च्युनाटोसाठी आहे असं धरलं तर पन्नास वर्षांनी का होईना त्याच्यासाठी प्रार्थना झाली. स्वतःसाठी असंल तर या माणसाला पन्नास वर्षं शांती नव्हती. मी दुसऱ्या बाजूचा आहे, आणि कारण पुन्हा ती जागाच. ते तळघर त्याच्याच घराखाली आहे. त्याच घरात तो राहत असंल तर पन्नास वर्षं तो माणूस त्या भिंतीच्या वर जेवलाय, झोपलाय, सण केलेत. परक्या रानात केलेला खून मागं सोडून जाता येतो, स्वतःच्या घराखालचा येत नाही.

प्रश्न : मी सूडावर एक मराठी कथा लिहिलीय. भावकीत बांधावरून वाद, त्यातून खून. संपादकांनी परत पाठवली, वातावरण निर्मिती कमी पडली म्हणून. म्हणून मी सुरुवातीला अमावस्या, टिटवी, पडका वाडा असं एक पान वाढवलंय. आता बरोबर होईल का? — एक नवा लेखक, केज

उत्तर : ते पान काढून टाका. स्पष्ट बोलतोय म्हणून राग मानू नका, तुमचा विषय इतका आपला आणि इतका खरा आहे की त्याला टिटवीची गरज नाही. बांधाचा वाद ज्यानं बघितलाय त्याला माहीत आहे की तो अमावस्येला होत नाही, तो भर उन्हात, नांगरट चालू असताना, नांगराचा एक तास इकडं सरकला म्हणून होतो, आणि मग वर्षानुवर्षं मोजणी, तहसील, तारखा, आणि लग्नात एकमेकांच्या पंगतीला न बसणं.

पोच्याकडनं घ्यायचं असंल तर अंधार घेऊ नका, त्याची प्रश्न विचारायची पद्धत घ्या. तुमचा खून जिथं होतो ती जागा धरा आणि स्वतःला विचारा की ही जागा त्या दिवशी नेमकं काय करते. समजा उसाचा फड आहे. जानेवारीत उस डोक्याच्या वर गेलेला असतो, दोन सऱ्या आत गेलेला माणूस बांधावरून दिसत नाही, पाचट सारखं वाजत असतं त्यामुळं आणखी एक आवाज कुणी वेगळा काढत नाही. आणि तोडीची टोळी येऊन गेली की चार दिवसात तीच जागा उघडी-बोडकी, लांबचं कुत्रं पण दिसतं. म्हणजे तुमच्या पात्राला कारखान्याची तोड कधी लागणार हे माहीत पाहिजे, आणि सूडाचा दिवस त्याच्या रागावर नाही, तोडीच्या पाळीवर ठरला पाहिजे. तोड एक आठवडा आधी आली तर काय? तिथं तुमची कथा सुरू होते.

किंवा विहीर घ्या. विहिरीवर रात्री कोण जातं? ज्याची मोटारीची पाळी असते तो. थ्री फेज लाइट आठवड्यातून ठरल्या रात्री येते, त्यामुळं शत्रू कधी एकटा असणार हे वाड्यावस्तीवरच्या सगळ्यांना तोंडपाठ असतं. खोरं घेऊन निघालेल्या माणसाला त्या वेळी कुणी कुठं चाललास विचारत नाही, माँट्रेसॉर झग्याखाली थापी घेऊन फिरतो आणि फॉर्च्युनाटो ती बघून सुद्धा मस्करीच समजतो, तसं. असं एक हत्यार शोधा जे तुमच्या जागेत सगळ्यांना दिसतं आणि कुणालाच खटकत नाही.

आणखी एक. तुमच्या पत्रावरून असं वाटतं की खून झाला की कथा संपते. बांध तर तिथंच राहणार ना. मारणाऱ्याला दर पेरणीला त्या बांधावर उभं राहावं लागणार, शेजारच्या रानात मेलेल्याचा पोरगा औत धरणार, पाणी द्यायला दोघं एकाच रात्री जाणार. पोची दुसरी एक सूडकथा आहे, १८४९ ची, ‘हॉप-फ्रॉग’, त्यात राजाचा विदूषक भर दरबारात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत राजाला आणि त्याच्या सात मंत्र्यांना झुंबराच्या साखळीला लटकवून जाळतो आणि छतातून पळून जातो, परत कुणाला दिसत नाही. तसा पळून जाणारा सूड वेगळा आणि शेतकऱ्याचा वेगळा. शेतकऱ्याला जमीन सोडून जाता येत नाही. हे तुमच्याकडं आयतं आहे, ते वापरा. कथा पुन्हा लिहून झाली की आमच्याकडं पाठवा, मी वाचून कळवतो.